रिकर्व्ह येणारी विद्यार्थिनी, कोरियन धनुष्य आणि मध्ये भाषांतर करणारा मी: एक प्रकरण

हे प्रकरण इथे कोरियात पारंपरिक धनुष्य शिकणाऱ्या एका मराठी मुलीचं आहे, जिला आधीपासून रिकर्व्ह, म्हणजे ऑलिम्पिकमध्ये दिसतं ते आधुनिक धनुष्य, येत होतं. लिहायला तिची परवानगी घेतलेली आहे, नाव बदललंय, मैदानाचं नाव मुद्दाम देत नाही. मी तिचा मुख्य शिक्षक नव्हतो, पण जे चुकलं त्यातला मोठा वाटा माझा आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. परक्या भाषेत शिकवणाऱ्या-शिकणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

पार्श्वभूमी

कोरियन मार्शल आर्ट म्हटलं की आपल्याकडे तायक्वांदोच आठवतं, आणि साहजिक आहे, महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी पण त्याचे क्लास असतात. पण इथे कोरियात धनुष्याची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. ह्वाल म्हणजे धनुष्य, आणि पारंपरिक तिरंदाजीला गुकगुंग म्हणतात. जोसॉन राजवटीच्या काळात लष्करी अधिकारी व्हायला मुग्वा नावाची परीक्षा असायची, त्यात तिरंदाजी मुख्य विषयांपैकी एक. ती परीक्षा १८९४ ला बंद झाली, लढाईत धनुष्याचं काम तर बंदुकांनी आधीच संपवलेलं, तरी मैदानं राहिली आणि लोक बाण मारत राहिले. २०२० मध्ये ह्वालसोगी, म्हणजे धनुष्य चालवण्याची कला, कोरियाच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आली.

मैदानाला आणि त्याच्या शेजारच्या मंडपाला मिळून जोंग म्हणतात. मी ग्योंगी प्रांतात सुवोनजवळ राहतो, नोकरीला येऊन नऊ वर्षं झाली, त्यातली सहा वर्षं एका जोंगचा मेंबर आहे. लक्ष्य १४५ मीटरवर, जुन्या मापात १२० पावलं. लाकडी फळा २ मीटर रुंद, साधारण २.६७ मीटर उंच, मागे थोडा कललेला. त्यावर गुणांची वर्तुळं वगैरे नाहीत, फळ्याला कुठेही लागला की लागला, नाही तर नाही. एका फेरीत पाच बाण, तिला सुन म्हणतात, आणि सगळे ओळीत उभे राहून एकामागून एक एकेक बाण मारतात. पहिला बाण मारायच्या आधी प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचं, "ह्वाल बेउम्निदा", म्हणजे धनुष्य शिकतोय, आणि बाकीचे म्हणतात "मानी माचुसेयो", भरपूर लागू देत. चाळीस वर्षं मारणारे आजोबा पण "शिकतोय"च म्हणतात. मला पहिल्या दिवशी ते ऐकून अंगावर काटा आला होता, अजूनही कधी कधी येतो.

आमचे शिक्षक, त्यांना साबॉमनिम म्हणतात, सत्तरी ओलांडलेले. मूळचे चुंगचॉंग प्रांतातले, आणि तिकडची माणसं सरळ "नाही" म्हणत नाहीत, सावकाश आणि आडून बोलतात, असं बाकीचे कोरियन नेहमी सांगतात. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

शिकवायची त्यांची पद्धत ठरलेली. आधी काही आठवडे बाणाशिवाय नुसतं धनुष्य ओढायचं आणि सावकाश परत सोडायचं. मग जुसाल, म्हणजे दोरीला बांधलेला बाण, तो सुटतो पण लांब जात नाही, त्यामुळे हात कसा सुटला एवढंच बघता येतं. मग १४५ मीटर. जुसालवर माणूस किती दिवस राहील हे साबॉमनिम ठरवणार, कुणी तीन आठवडे, कुणी तीन महिने. मी स्वतः अडीच महिने होतो आणि तेव्हा मला ते फार लांबल्यासारखं वाटलं होतं, हे इथे सांगायला हवं कारण पुढच्या निर्णयात ते कुठेतरी होतंच.

नेहा (बदललेलं नाव) इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करायला आलेली, वय २९, सातारची. सातारा जिल्ह्यात तिरंदाजीचं वातावरण किती आहे ते वेगळं सांगायला नको, तोक्यो ऑलिम्पिक खेळलेले प्रवीण जाधव तिथलेच, २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंडची (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) वर्ल्ड चॅम्पियन झालेली अदिती स्वामी पण तिथलीच. नेहा शाळेत इंडियन राउंड (बांबूच्या साध्या धनुष्याचा आपल्याकडचा प्रकार) खेळली, मग कॉलेजात तीन वर्षं रिकर्व्ह, विद्यापीठ पातळीपर्यंत. मग अभ्यासात सुटलं. माझ्या बायकोच्या ओळखीतून ती जोंगवर आली, पहिल्याच दिवशी मला दादा म्हणाली. इतक्या वर्षांनी त्या मैदानावर मराठी ऐकून मला किती आनंद झाला ते शब्दात सांगता येणार नाही.

अडचण कशी तयार झाली

मार्चमध्ये सुरुवात झाली. साबॉमनिमनी तिला हलकं धनुष्य दिलं, रिकामं ओढायला सांगितलं. तिने ओढलं, पाठ मजबूत, खांदे सरळ, बघणाऱ्या सगळ्यांच्या लक्षात आलं की ही नवीन नाही. दहा दिवसांत जुसाल सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात आमच्यातले एक जुने मेंबर, त्यांना इथे काका म्हणतो, अतिशय प्रेमळ माणूस, त्यांनी घरून स्वतःचं ४५ पाउंडाचं (म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं, यालाच धनुष्याचं वजन म्हणतात) कार्बनचं धनुष्य आणलं, हिच्या हाताला हलकं धनुष्य वाया जातंय म्हणाले, हे वापर. साबॉमनिम तेव्हा चहा घेत होते. मी त्यांना जाऊन विचारलं, चालेल का? ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आजिक मॉरॉत्ता."

शब्दशः "अजून लांब आहे". म्हणजे अजून बराच पल्ला बाकी आहे. मी परत आलो आणि नेहाला सांगितलं, "सर म्हणतायत अजून थोडं बाकी आहे, पण होईल." "पण होईल" ते म्हणाले नव्हते. "थोडं" पण नाही. मला वाटलं हिचा हिरमोड नको व्हायला, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला तिला १४५ वर उभी बघायची घाई झाली होती, ऑक्टोबरात आमच्या शहराची स्पर्धा असते, आपल्याकडची मुलगी त्यात उतरेल असं डोक्यात चित्र तयार झालेलं. तिने ऐकलं ते असं की परवानगी आहे. काकांनी तिचा होकार बघितला. साबॉमनिमना वाटलं मी निरोप पोचवला. सगळे सद्भावनेने वागत होते आणि ते धनुष्य तिच्या हातात आलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती लाइनवर उभी राहिली आणि दुसऱ्याच सुनमध्ये पाचपैकी तीन लागले. टाळ्या. काकांच्या डोळ्यात पाणी. मी तो व्हिडिओ घरी आई-बाबांना पण पाठवला. त्या तीन बाणांनी पुढचे अडीच महिने आम्हा सगळ्यांचं तोंड बंद केलं, कारण ज्याचा बाण लागतोय त्याला चुकतंय असं सांगायचं तरी कसं.

चुकत काय होतं ते नीट सांगतो. रिकर्व्हमध्ये दोरी तीन बोटांनी ओढतात, हनुवटीखाली आणतात, दोरी नाकाला आणि हनुवटीला टेकते, तीच खूण असते. शरीर लक्ष्याला आडवं, बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला, आणि सोडल्यावर मनगट सैल ठेवून धनुष्य पुढे पडू द्यायचं. इथे जवळपास सगळं वेगळं. दोरी अंगठ्याने ओढायची, अंगठ्यात शिंगाची अंगठी, तिला काक्जी म्हणतात, आणि तर्जनी अंगठ्याच्या नखावर. शरीर बरंचसं लक्ष्याकडे तोंड करून. बाण उजव्या अंगाला, डाव्या हाताच्या अंगठ्यावर टेकलेला. ओढायचं हनुवटीपर्यंत नाही, कानाच्या मागे खांद्याकडे, आणि दोन्ही मनगटं ओला टॉवेल पिळल्यासारखी आतल्या बाजूला पिळलेली हवीत. उजवं मनगट पिळलेलं असेल तर सुटताना दोरी चेहऱ्यापासून लांबून जाते.

नेहाचं शरीर मधेच अडकलं होतं. पाय आडवे, रिकर्व्हचे. हनुवटी सवयीने दोरीकडे जायची, पण दोरी आता तिथे थांबत नाही, मागे जाते, म्हणजे दोरी गालाला घासून मागे आणि सुटली की त्याच वाटेने पुढे. मे महिन्यात तिला गालावर पहिला फटका बसला, गालापासून कानाच्या पाळीपर्यंत लाल वळ. गुकगुंगमध्ये हे बऱ्याच जणांना एकदा होतं आणि सगळे हसून सोडून देतात. तिला आठवड्यात चार वेळा झालं. त्यानंतर तिचे डोळे दोरी सुटायच्या क्षणी मिटायला लागले. शिवाय आडव्या पायांमुळे तिची खेच लांब व्हायची आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत धनुष्याचं वजन झपाट्याने वाढतं, ते सांभाळायला डावा खांदा वर, कानाकडे यायला लागला.

जूनमध्ये एकदा मी विचारलं, खांदा दुखतोय का गं? ती म्हणाली, "ठीक आहे दादा, थोडंसं." साबॉमनिमनी विचारलं काय म्हणते, मी म्हणालो, "क्वेनचानताम्निदा", ठीक आहे म्हणते. त्या "थोडंसं"चं भाषांतर मी केलंच नाही. पुढे कळलं की त्या दिवसात ती उजव्या कुशीवर झोपत होती कारण डाव्यावर झोपता येत नव्हतं, आणि कॉलेजातल्या तिच्या कोचनी शिकवलं होतं की दुखणारच, बोलायचं नाही. ती तक्रार करत नाही याचा अर्थ आम्ही सगळ्यांनी तिला त्रास नाही असा घेतला.

आणखी एक भर म्हणजे सल्ले. आमच्या जोंगवर सगळे एकमेकांना सल्ले देतात, वयाने मोठा माणूस आला की ऐकून घ्यायचं असतं. एक जण म्हणायचा ताकद काढून टाक, दुसरा म्हणायचा पुढचा हात डोंगर ढकलल्यासारखा ढकल, तिसरा म्हणायचा पाय असे नको तसे. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर होतं आणि मी सगळंच भाषांतर करून तिला देत होतो, एका सुनमध्ये तीन वेगवेगळ्या सूचना. कोरियनमध्ये एक म्हण आहे, नावाडी जास्त झाले की होडी डोंगरावर जाते. नावाडी सगळे तिथलेच होते, पण प्रत्येकाच्या हातात वल्हं आणून देणारा मी होतो.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी तिने चौथा बाण ओढला, पूर्ण खेचेपर्यंत गेली, आणि सोडताच येईना. हात थरथरला, तिने सावकाश परत आणला, धनुष्य खाली ठेवलं आणि मंडपाच्या मागे जाऊन रडली. त्या दिवशी तिने मला खरं सांगितलं, खांद्याचं, झोपेचं, आणि उजव्या अंगठ्याची बाहेरची बाजू दोन आठवडे बधिर आहे हेही.

समोर काय पर्याय होते

आधी डॉक्टर. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की खांद्याच्या स्नायूबंधांना सूज आहे, फाटलेलं नाही, विश्रांती आणि फिजिओथेरपी. अंगठ्याचं कारण म्हणजे घट्ट काक्जी, ती कडेच्या नसेवर दाब देत होती. ते ऐकून मला फार अपराधी वाटलं कारण ती काक्जी मी निवडून दिली होती, माझ्या मापाच्या अंदाजाने.

त्यानंतर चार रस्ते होते आणि आम्ही एक संध्याकाळ माझ्या घरी बसून ते बोललो.

पहिला, गुकगुंग सोडून तिने परत रिकर्व्ह धरावं. हे सगळ्यात समजूतदारपणाचं होतं, युनिव्हर्सिटीच्या आसपास सोय होती, सवयी आधीच्याच, इजा बरी झाली की काही महिन्यांत ती जुन्या पातळीवर आली असती. माझी बायको याच बाजूची होती. नेहा खूप वेळ गप्प बसली आणि म्हणाली, रिकर्व्ह मी गुणांसाठी खेळले दादा, इथे आल्यावर पहिल्यांदा मला नुसतं उभं राहायला आवडलं.

दुसरा, विश्रांती घेऊन त्याच धनुष्यावर परत. काकांचं हे मत, त्यांचं म्हणणं की तंत्र बसलं की वजन जाणवत नाही. यात तथ्य आहे, पण तंत्र बसायला हलकं धनुष्य लागतं हे त्यातच आलं.

तिसरा, हात बदलणं. हे मला सुचलं होतं आणि मी त्यावर बराच अडून बसलो. कोरियात डावखुरे धनुर्धर असतात, त्यांना ज्वागुंग म्हणतात. मला वाटलं डाव्या हाताने ओढायला लागली तर जुनी एकही सवय आड येणार नाही, कोरी पाटी. फिजिओथेरपिस्टनी मोडीत काढलं, दुखरा खांदा डावा, ओढायचं काम त्यालाच दिलं तर भार कमी होत नाही, नुसता बदलतो. शिवाय तिचा प्रबळ डोळा उजवा.

चौथा, सगळं मागे नेणं. सगळ्यात हलकं धनुष्य, बाण नाही, मग जुसाल, पहिल्या दिवसापासून. याची अडचण तांत्रिक नव्हती. तीन महिने लाइनवर उभी राहिलेली, टाळ्या घेतलेली व्यक्ती परत कोपऱ्यात दोरी बांधलेला बाण मारणार, तेही रोज सगळ्यांच्या समोर. आणि काकांनी प्रेमाने दिलेलं धनुष्य परत करायचं, कोरियात वयाने मोठ्या माणसाची दिलेली वस्तू परत करणं किती अवघड असतं ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे तरी कुठे सोपं आहे म्हणा.

नेहाने चौथा निवडला. मी तिच्या जागी असतो तर पहिला निवडला असता असं मला वाटतं.

काय केलं

पहिलं काम माझं होतं. मी एकटा साबॉमनिमकडे गेलो आणि सगळं सांगितलं, "आजिक मॉरॉत्ता"चं मी काय केलं ते पण, जूनमधलं "थोडंसं" पण. ते चिडले नाहीत, चिडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, मला वाटलं तिने माझं ऐकूनही धनुष्य घेतलं, म्हणजे तिची तशी इच्छा असेल. म्हणजे माझ्या त्या एका वाक्यामुळे तीन महिने ते तिला हट्टी समजत होते, आणि मन राखायचं म्हणून गप्प होते. त्यांची पण चूक होती, शिक्षक म्हणून त्यांनी धनुष्य काढून घ्यायला हवं होतं, हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं. पुढच्या रविवारी चहाच्या वेळी ते सगळ्यांसमोर एकच वाक्य बोलले, "हिला मी बघतो." त्यानंतर सल्ले थांबले. काकांना वाईट वाटलं, दोन-तीन आठवडे ते आमच्याशी मोजकंच बोलले, नेहाने धनुष्य दोन्ही हातांनी परत दिलं आणि वाकून आभार मानले तेव्हा त्यांनी मान फिरवली होती.

सहा आठवडे धनुष्य बंद, फक्त फिजिओ. त्या काळात ती दर रविवारी यायची आणि बसून बघायची, तिचं बसून बघणं मला शिकवण्यासारखं होतं, वहीत प्रत्येकाच्या उजव्या मनगटाची चित्रं काढायची.

सप्टेंबरला सुरुवात २५ पाउंडाच्या धनुष्याने, शाळेच्या पोरांना देतात ते. साबॉमनिमनी पायांपासून धरलं. गुकगुंगमध्ये पायांची जागा सांगताना बिजोंगबिपाल म्हणतात, म्हणजे चिनी लिपीतलं 丁 अक्षरही नाही आणि 八 अक्षरही नाही, दोन्हीच्या मधलं काहीतरी. माझं आधीचं भाषांतर होतं "पाय जरा तिरके". या वेळी त्यांनी जमिनीवर खडूने अक्षरं काढली आणि तिला स्वतःला त्यात उभं केलं, मला गप्प बसायला सांगून. पाच मिनिटांत जे झालं ते मला चार महिन्यांत जमलं नव्हतं.

हनुवटीसाठी त्यांनी अजब उपाय केला. रिकामं धनुष्य ओढताना तिने लक्ष्याकडे न बघता डाव्या बाजूच्या डोंगराकडे बघायचं. रिकर्व्हमध्ये सगळी खूण चेहऱ्याशी असल्यामुळे डोळे लक्ष्यावर गेले की चेहरा आपोआप दोरीला भेटायला जात होता. लक्ष्यच काढून घेतलं तेव्हा चेहरा जागेवर राहिला. हे मी कधी कुठे ऐकलेलं नव्हतं, त्यांना तिथल्या तिथे सुचलं असावं.

काक्जी नवीन, अंगठ्याच्या मापाने कानशीने घासून घासून बसवलेली, आत पातळ चामडं. बधिरपणा जायला ऑक्टोबर संपला.

भाषेचा नियम नेहाने स्वतः केला, दुखण्याबद्दल मध्ये मी नाही. तिने काही शब्द पाठ केले, आपायो म्हणजे दुखतंय, वेनचोक म्हणजे डावं, ऑक्के म्हणजे खांदा, आणि शून्य ते दहा आकडे. प्रत्येक वीस ओढींनंतर साबॉमनिम तिच्याकडे बघायचे आणि ती आकडा सांगायची. तीनच्या वर आकडा गेला की त्या दिवशी बंद. पहिल्यांदा तिने "सा", चार, म्हटलं तेव्हा फक्त वीस मिनिटं झालेली होती, आणि साबॉमनिमनी शांतपणे धनुष्य तिच्या हातातून घेऊन दोरी उतरवली. ती घरी जाताना म्हणाली, दादा, मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी दुखतंय म्हटल्यावर थांबवलं.

बाकीच्यासाठी मी होतोच, पण आता शब्दाला शब्द. साबॉमनिम म्हणाले "वाईट", तर मी "वाईट" म्हणायचो. सुरुवातीला मला ते इतकं जड जायचं की मी तिच्याकडे न बघता सांगायचो.

रिकामं धनुष्य पाच आठवडे, जुसाल सहा आठवडे. थंडी सुरू झाली, मंडपात स्टोव्ह लागला, ती कोपऱ्यात दोरीचा बाण मारत होती आणि स्पर्धा कधीच होऊन गेली होती. वजन दोन टप्प्यांत वाढवलं, आधी ३०, मग ३५. प्रत्येक वेळी वाढवायचं की नाही ते साबॉमनिम तिच्या डाव्या कोपरावरून ठरवायचे. धरलेलं असताना कोपराचा खळगा वर आकाशाकडे दिसला तर हात पिळलेला नाही, खांदा लवकर वर जाणार. तो आडवा राहिला तर पुढचं धनुष्य.

काय झालं

डिसेंबरच्या मध्यावर ती परत १४५ वर आली. पहिल्या दिवशी २५ पैकी शून्य. हलकं धनुष्य, थंडीत बाण आणखी कमी पडतो, सगळे समोरच्या मातीत. एप्रिलमध्ये पाचपैकी तीन मारणारी हीच. पण गालाला फटका एकही नाही, डोळे उघडे, आणि आकडा एक. मी त्या दिवशी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, निराशा शोधत होतो, दिसली नाही.

जानेवारीत पहिला लागला. तो खरा पहिला म्हणायचा असं तिनेच ठरवलं आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांना खाऊ आणला, इथला त्तॉक म्हणजे तांदळाचा केक, आणि डब्यात बेसनाचे लाडू. काकांनी दोन लाडू खाल्ले, एक बायकोसाठी रुमालात बांधून घेतला, आणि त्यानंतर परत पहिल्यासारखे बोलायला लागले. उन्हाळ्यापर्यंत ती ३८ पाउंडावर होती आणि सरासरी पाचात दोन. पाचही लागले की त्याला मोल्गी म्हणतात आणि पहिल्या मोल्गीचं जोंगवर फार कौतुक असतं, ती तिला मिळाली नाही, दोनदा चार लागले. खांदा पूर्ण बरा म्हणता येणार नाही, पावसाळी हवेत अजून बोलतो.

आता परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी, ज्याला दुसरी तिरंदाजी येते त्याला मी नवख्यापेक्षा जास्त दिवस रिकाम्या धनुष्यावर ठेवीन. नवख्याच्या अंगात काहीच नसतं, तो जे सांगाल ते करतो. जाणकाराचं शरीर प्रत्येक सूचनेला जुनं उत्तर देतं आणि ते उत्तर इतकं सफाईदार असतं की शिकवणाऱ्याला वाटतं याला आलं. नेहाची मजबूत पाठ बघून आम्ही वेळ कमी केला, तीच खूण वेळ वाढवायची होती. साबॉमनिमच्या मते त्यांनी पहिल्याच दिवशी तिला विचारायला हवं होतं की रिकर्व्हमध्ये तू काय काय करतेस ते सगळं दाखव, म्हणजे काय काढायचंय त्याची यादी झाली असती. आता कुणी असा आला की ते तसंच करतात.

लागलेल्या बाणाबद्दल. या खेळात फळ्याला कुठेही लागलं तरी सारखंच, त्यामुळे चुकीचं तंत्र पण बरेच दिवस यश देत राहू शकतं, त्यातून माणूस ताकदवान असेल तर जास्तच. पहिल्या सहा महिन्यांत मी आता विद्यार्थ्याचे लागलेले बाण मोजत नाही, व्हिडिओ पण मागून घेतो, लक्ष्य न दिसेल असा.

धनुष्य देण्याचा क्षण, चहाच्या वेळी मी विचारायला गेलो तो, तिथे सगळं फिरवता आलं असतं. मी साबॉमनिमना "चालेल का" असं विचारलं आणि उत्तर घेऊन निघालो. मी नेहाला सोबत न्यायला हवं होतं. त्यांनी तिच्याकडे बघून तेच दोन शब्द म्हटले असते तर भाषा न येताही तिला चेहऱ्यावरून कळलं असतं. मधल्या माणसाने निरोप आणायचा नसतो, दोघांना समोरासमोर उभं करायचं असतं. यावर आमच्यात मतभेद आहे, नेहा म्हणते की मी गेले असते तरी काकांना नाही म्हणू शकले नसते. असेलही.

काकांबद्दल मला अजून उत्तर सापडलेलं नाही. गुकगुंगच्या नऊ नियमांत एक मांगमानतागुंग आहे, दुसऱ्याचं धनुष्य ओढू नये. नियम मंडपातल्या पाटीवर लिहिलेला होता, रोज त्याखाली बसून आम्ही चहा प्यायचो. मी तो शिष्टाचार समजत होतो, कुणाच्या वस्तूला हात लावू नये एवढाच. प्रत्येकाची खेच आणि वजन वेगळं, दुसऱ्याच्या धनुष्याने स्वतःला इजा होते, हाही अर्थ त्यात असेल असं तेव्हा डोक्यात आलं नाही. पण समजा आलं असतं, तरी सत्तरीच्या माणसाला पाटीवरचा नियम दाखवायची हिंमत माझ्यात होती का, माहीत नाही. नेहमीसारखं साबॉमनिमच्या तोंडून ते यावं, एवढाच मार्ग दिसतो, आणि त्यासाठी त्यांना वेळेत खरं कळायला हवं.

गेल्या वर्षी नेहाचं पीएचडी संपलं, आता ती पुण्यात आहे. १४५ मीटर मोकळी जागा शोधतेय, तोवर गच्चीवर रिकामं धनुष्य ओढते आणि महिन्यातून एकदा व्हिडिओ पाठवते. मी तो रविवारी साबॉमनिमना दाखवतो, ते चष्मा काढून फोन डोळ्याजवळ धरतात, दोन-तीनदा बघतात. मागच्या वेळी म्हणाले, डाव्या कोपराचा खळगा परत वर दिसतोय, एक पायरी हलकं धनुष्य घे, आजिक मॉरॉत्ता. मी मराठीत टाइप केलं, "कोपराचा खळगा परत वर दिसतोय, एक पायरी हलकं धनुष्य घे, अजून लांब आहे," आणि पुढे काही न जोडता पाठवून दिलं.